भाड्याचा कॅमेरा घेऊन परदेशी निघताय? आधी हे वाचा

टूर कंपनीच्या बसमध्ये न बसता स्वतःच तिकीट काढायचं, स्वतःच खोली शोधायची आणि फिरायचं, अशी मंडळी कोल्हापुरात आता बरीच आहेत. कुणी व्हिएतनाम करतं, कुणी उझबेकिस्तान, कुणी थेट केनिया. कॅमेरा भाड्याने घ्यायला आमच्या दुकानात आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात मोठी लेन्स कुठली?" मोठ्या लेन्सचं भाडं जास्त, त्यामुळं आम्ही गप्प बसलो तर आमचाच फायदा. तरी सांगतो, एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एक २४-१०५ मिलिमीटरची लेन्स पुरते. सोबत फार तर हलकी ३५ किंवा ५० न्या. आफ्रिकेत प्राणी टिपायचे असतील तर मात्र ४०० च्या खाली जाऊ नका, कारण अभयारण्यात वाटेल तिथं गाडीतून उतरता येत नाही. ट्रायपॉडचे पैसे वाचवा. ताजमहालात तो आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेरच्या देशांतही पुष्कळ स्मारकांवर तीच गत आहे.

उजेड कुठून येतो ते आधी बघा

हे कोल्हापूरकराला खरं तर शिकवायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव बघायला आपण नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि जानेवारीअखेर गर्दी करतोच. देऊळ पश्चिमाभिमुख, म्हणून मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. वाटेत एखादी इमारत आडवी आली किंवा ढग आले, की संपलं. परदेशातल्या जुन्या वास्तूंकडेही याच नजरेनं बघा.

कंबोडियातलं अंगकोर वाटही पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळं पहाटे सगळे ज्या तळ्याकाठी उभे राहतात, तिथून सूर्य मंदिराच्या मागून उगवतो आणि शिखरं काळी येतात. तो फोटो सुंदरच, पण कोरीव काम उजळलेलं हवं असेल तर दुपार उतरल्यावर परत जा. दिवस आणि रात्र सारखी असते त्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सूर्य बरोबर मधल्या शिखरावर येतो. पास एका दिवसाचा ३७ डॉलरला, तीन दिवसांचा ६२ डॉलरला. तीन दिवसांचाच घ्या. ते दिवस सलग नसले तरी चालतात, त्यामुळं ढगाळ सकाळ सोडून देता येते.

उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे तीन बाजूंना आहेत. पंधराव्या शतकातला उलुगबेगचा मदरसा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्याच्यावर ऊन सकाळी. समोरच्या शेरदोरवर, ज्याच्या कमानीवर वाघासारखे प्राणी आहेत, ऊन संध्याकाळी. मधला तिल्लाकोरी दक्षिणेकडे बघतो, त्याला दिवसभर थोडंफार मिळत राहतं. दुपारी बाराला तासभर घालवून पुढं गेलात, तर तिघांचेही फोटो सपाट येतील आणि दोष कॅमेऱ्याला जाईल.

इजिप्तमध्ये अबू सिंबेल हे डोंगरात कोरलेलं जुनं देऊळ आहे. तिथं २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीची किरणं थेट गाभाऱ्यात जातात. आत चार मूर्ती आहेत, पैकी प्ताह या देवाची मूर्ती अंधारातच राहते. त्या दिवशी रेटारेटी असते. फोटोच काढायचे असतील तर आठवडाभर आधी-नंतर गेलेलं बरं, असं आमचं मत.

कागद

कॅमेऱ्याचं बिल आमच्या नावावर असतं. म्हणून सोबत आम्ही बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर लिहिलेलं पत्र देतो, बिलाची प्रतही देतो. ज्या विमानतळावरून देश सोडणार, मग ते मुंबई असो वा गोवा, तिथल्या कस्टमला वस्तू दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. परत येताना 'हा माल बाहेरून विकत आणला का' असं कुणी विचारलं, तर तो कागद उपयोगी पडतो. यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, आणि बॅग चेक-इनला देण्यापूर्वी हे काम उरका.

जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) विमान कंपनीची परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे चालते.

ड्रोन आम्ही परदेशी नेण्यासाठी भाड्याने देत नाही. मोरोक्कोत तो विमानतळावरच काढून घेतात, नेपाळ-भूतानमध्ये आधी परवानगी लागते. आणि स्वस्त मिळतो म्हणून दुबईहून आणूही नका. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे.

कुठं कॅमेरा खाली ठेवायचा

श्रीलंकेत सिगिरियाच्या भित्तिचित्रांचा, भूतानमध्ये मंदिरांच्या आतला आणि बँकॉकच्या राजवाड्यात पाचूच्या बुद्धाच्या मंदिरातला फोटो काढायचा नाही. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं अपमान समजतात. जपानमधल्या क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या २०१९ पासून लागल्या आहेत. नियम बदलतातही. ताश्कंदच्या मेट्रोत २०१८ पर्यंत फोटोला बंदी होती, आज ती स्थानकं बघायला लोक मुद्दाम जातात. माणसांचं म्हणाल, तर आधी कॅमेरा दाखवा, मान हलली तरच बटण दाबा. आपल्या गुऱ्हाळावर कुणी न विचारता तोंडासमोर लेन्स धरली तर आपल्याला चालेल का?

एसी खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काच धुकटते. आधी बंद पिशवीत ठेवून बाहेर आणा, थोडा वेळ थांबा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती आतल्या खिशात ठेवा. पावसाळी देशातून आलात तर सामान तसंच कपाटात टाकू नका, लगेच आणून द्या. लेन्सला बुरशी धरली तर सफाईचा खर्च डिपॉझिटमधून जातो, आणि यावर आम्ही घासाघीस करत नाही.

व्हिसाचं आम्हाला विचारू नका, त्या देशाची सरकारी वेबसाइट बघा. केनियाला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जायचा आणि यायचा दिवस आम्ही भाड्यात धरत नाही. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड आमचं असेल तर फोटो उतरवून घेतल्याचं तुम्ही सांगेपर्यंत ते पुसत नाही, पण आठवडाभरात या. सोमवारी दुकान बंद असतं.