अंड्यावरचे कंगोरे आणि एका डासाची जात: पार्श्वभूमी

ॲनोफिलिस स्टीफेन्सी या डासाचे शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, ते वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे गोळा केलेल्या नमुन्यांवरून. वर्णन करणारा सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकारी होता आणि त्याने हे नाव एका समकालीन हिवताप-संशोधकावरून ठेवले. पुढे दहाच वर्षांनी मुंबईतील हिवतापाच्या चौकशीत शहरातला मुख्य वाहक म्हणून हाच डास ठरला. त्याचा उगम घरोघरच्या विहिरींत आहे असे दिसल्यावर विहिरी झाकण्या-बुजवण्याचा निर्णय झाला आणि धर्मकार्यासाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्या समाजांनी त्याला बराच विरोध केला. विहिरी गेल्या, तरी गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावर साठवलेले पाणी आणि उघडे हौद यांनी त्यांची जागा घेतली. शहरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढणे हा या डासाचा विशेष आहे. ॲनोफिलिस गटातील फार थोड्या डासांना तो साधला आहे.

वर्गीकरणाचा खरा गुंता सुरू झाला तो १९३७ मध्ये, म्हैसूर भागात. ॲनोफिलिसच्या अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवा भरलेले तरंगक असतात आणि त्यांच्यावर आडवे कंगोरे असतात. दोन संशोधकांनी हे कंगोरे मोजले, तेव्हा काही माद्यांच्या अंड्यांवर ते जास्त आणि काहींच्या अंड्यांवर बरेच कमी आढळले. जास्त कंगोरे असलेला तो मूळ प्रकार आणि कमी कंगोरे असलेला तो ‘मायसोरेन्सिस’ अशी विभागणी त्यांनी केली. पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार मांडण्यात आला. साधारण हिशेब असा: मूळ प्रकारात १४ ते २२ कंगोरे, मधल्यात १२ ते १७ आणि मायसोरेन्सिसमध्ये ९ ते १५. हे आकडे एकमेकांत शिरलेले आहेत, हे वाचकाच्या लगेच लक्षात येईल. पंधरा कंगोऱ्यांचे एकटे अंडे तिन्ही प्रकारांत बसते, म्हणून एका मादीच्या पुष्कळ अंड्यांवरचे कंगोरे मोजून त्यांत सर्वाधिक वेळा येणारी संख्या घ्यावी लागते.

मोजणीला महत्त्व आले ते तिच्याशी जोडलेल्या वर्तनामुळे. मूळ प्रकार शहरी आणि हिवतापाचा समर्थ वाहक, तर मायसोरेन्सिस ग्रामीण, गुराढोरांच्या रक्तावर जगणारा आणि माणसाच्या दृष्टीने जवळपास निरुपद्रवी, असे भारतात शिकवले गेले. इराणच्या दक्षिण भागात मात्र हाच मायसोरेन्सिस हिवतापाचा वाहक मानला जातो. शिवाय प्रयोगशाळेत या प्रकारांचा संकर घडवला असता संतती प्रजननक्षम निघाली. एवढ्यावरून ते वेगळ्या जाती नाहीत असे म्हणणे प्रस्तुत लेखकाला सयुक्तिक वाटते, पण मतभेद संपलेले नाहीत.

मराठीत या मतभेदाला शब्दांचीही भर पडते. जुन्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे अनेक जातींचा समूह आणि ‘जाती’ म्हणजे आपसांत प्रजनन करणारा एक गट, असा भेद होता. वृत्तपत्रांनी हिंदीच्या वळणाने ‘प्रजाती’ हा शब्द जातीसाठीच वापरायला सुरुवात केली. त्यामुळे ‘स्टीफेन्सीच्या तीन प्रजाती’ असे छापून येते, तेव्हा लिहिणाऱ्याला तीन जाती म्हणायच्या आहेत की तीन प्रकार, हे कळायला मार्ग उरत नाही. येथे ‘जाती’ आणि ‘प्रकार’ हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत.

२०१८ मध्ये इराण आणि अफगाणिस्तानातील नमुन्यांवर काम करणाऱ्या गटाने वास ओळखण्याशी संबंधित एका जनुकातील छोट्या तुकड्याच्या आधारे तिन्ही प्रकारांना स्वतंत्र जाती ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. अंडी घालून घेण्याची कटकट टळते म्हणून ही चाचणी झपाट्याने लोकप्रिय झाली. पुढे भारतातील संशोधकांनी तोच तुकडा स्थानिक डासांत तपासला, तेव्हा तो कंगोऱ्यांच्या मोजणीशी जुळेना. सोय म्हणून स्वीकारलेली खूण पुराव्याच्या जागी बसवली गेली, असा याचा अर्थ होतो.

हा वाद एरवी तज्ज्ञांच्या बैठकीतच राहिला असता. परंतु २०१२ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावरील, म्हणजे ईशान्य टोकाच्या, जिबूती या देशात हा डास आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते आणि २०२० मध्ये हा आकडा सुमारे ७३ हजारांवर गेला. सगळी वाढ एकट्या या डासाच्या माथी मारता येणार नाही. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया आणि घाना येथेही तो सापडला. आफ्रिकेतील डास ओळखण्यासाठी तेव्हा वापरात असलेल्या मार्गदर्शक तक्त्यांत ही जातीच नव्हती. म्हणून तोंडाजवळच्या स्पर्शकांवरचे ठिपके पाहूनही तिथल्या कर्मचाऱ्यांना ती ओळखणे अवघड होते.

आफ्रिकेत आलेला हा डास शहरी ‘मूळ प्रकार’ आहे असे लगेच जाहीर झाले आणि त्याच्या नियंत्रणाची आखणीही त्याच गृहीतावर झाली. इथिओपियातील माद्यांच्या पोटातले रक्त तपासल्यावर मात्र त्यात मुख्यतः शेळ्या आणि गाई-बैलांचे रक्त निघाले, आणि कित्येक डास गोठ्यांतच विसावलेले सापडले. भारतीय पाठ्यक्रमानुसार हे वर्तन मायसोरेन्सिसचे. तरीही २०२२ मध्ये तेथील दिरे दावा शहरात आलेल्या हिवतापाच्या साथीचा संबंध याच डासाशी जोडला गेला.