‘गिअर ऑइल बदललं’ म्हणजे नेमकं कुठलं?

‘साहेब, गिअर ऑइल बदललं,’ असं सांगून मिस्त्री चावी हातात देतो आणि आपण निर्धास्त होतो. माझ्या जुन्या ऑटोमॅटिक मर्सिडीजचं असंच झालं. ही १२४ बॉडीची (मर्सिडीजचा मॉडेल क्रमांक), मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात हेच मॉडेल जुळवायला सुरुवात झाली, म्हणून पुण्यात ते अजून दिसतं. घरी येऊन बिल पाहिलं तर गिअर ऑइल जेमतेम लिटरभर! एवढ्यात गिअरबॉक्स भरत नाही. म्हणजे बदललं होतं फक्त मागच्या डिफरन्शियलचं, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचं. गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली तर टोकाला तेच जुनं, काळपट, करपल्या वासाचं तेल.

दोन अगदी वेगळ्या तेलांना आपण एकच नाव देतो. हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता गॅरेजमध्ये ‘गिअर ऑइल’ हा शब्दच वापरत नाही. एक ‘एटीएफ’ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं; दुसरं ‘क्राउनचं तेल’, म्हणजे डिफरन्शियलचं.

क्राउनचं तेल समजायला सोपं आहे. क्राउन-पिनियन या डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांचे दात एकमेकांवर दाबून घसरत फिरतात, त्यांच्यामध्ये दाट, चिवट थर हवा. जुन्या गाड्यांना बहुधा ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-९० (हे दाटपणाचे ग्रेड), जीएल-५ या जास्त दाब सोसणाऱ्या दर्जाचं. त्यातल्या गंधकाच्या रसायनांचा वास बोटांना लागला की दोनदा साबण लावूनही जात नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) असेल तर त्यासाठीचंच तेल घ्या. एवढं पुरे.

लोक खरे अडतात ते एटीएफपाशी. ‘शेवटी तेलच ना, पातळ काय न् जाड काय?’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. क्राउनच्या तेलाचं काम एकच, धातूला धातू भिडू न देणं. एटीएफला वंगण तर व्हावंच लागतं, पण शिवाय पकडही द्यावी लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटी कोरड्या नसतात, तेलात बुडालेल्या असतात. एक कागदासारख्या अस्तराची, एक पोलादाची, अशी चळत. गिअर पडताना तेलाचाच दाब ती चळत आवळतो. प्लेटी क्षणभर घसरतात आणि मग घट्ट धरतात. ते घसरणं किती आणि धरणं किती झटक्यात, हे तेलातली रसायनं ठरवतात. ती संपली की गिअर पडताना हिसका बसतो, नाहीतर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी मागून येते. त्याच एटीएफमधून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा तेलाने भरलेला भाग) इंजिनाची ताकद पुढे देतो, आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे झडपांच्या ठोकळ्याच्या, बारीक वाटांतून जाऊन तेच हवा तो गिअर पाडतं.

आता तिथे क्राउनचं तेल ओता. १०० अंशाला एटीएफचा दाटपणा साधारण ६ ते ७.५ सेंटिस्टोक, ९० ग्रेडचा किमान १३.५. बारीक वाटांत ते वेळेवर पोचत नाही आणि प्लेटींना हवी ती पकड देत नाही. उलट केलं, एटीएफ क्राउनमध्ये घातलं, तर पातळ थर तुटतो, दात खरवडतात आणि मागून हूंऽऽ असा आवाज सुरू होतो.

लाल रंग पाहून एटीएफ घेणाऱ्यांवरही माझा राग आहे. डेक्सरॉन-३ दर्जाचं एटीएफ लाल, टोयोटाचं डब्ल्यूएस एटीएफही लाल, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, तर आणखी वेगळं. पुण्यात नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, डबा घेताना रंग नाही, गाडीच्या पुस्तकातलं नाव दाखवा. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत, त्याच एटीएफवर चालतं. तिथे क्राउनचं वेगळं तेल बिलात आलं तर कुठे ओतलं ते विचाराच.

दोन्ही तेलं खराब होण्याची तऱ्हाही वेगळी. संध्याकाळी कर्वे रोडवर डी मध्ये ब्रेक दाबून थांबलात की कन्व्हर्टर तेल घुसळत राहतो आणि एटीएफ तापतं. क्राउनला त्याचं काही नाही. त्याचा शत्रू पावसाळा. चाकभर पाण्यातून गाडी काढली की ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या वाटेतून) पाणी आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. एटीएफ दुधाळ दिसलं तर मात्र आधी रेडिएटर तपासा. त्यातला तेलाचा कूलर फुटला असेल.

बदलताना क्राउनचा वरचा, भरायचा नट आधी उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि खालचा आधी काढलात, तर गाडी रिकाम्या क्राउनने अडकली. गाडी सपाट उभी ठेवून भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा. नुसता एका बाजूला जॅक लावून भरलेली पातळी खोटी.

एटीएफ खालून सोडलं तरी कन्व्हर्टरमधलं बरंचसं आतच राहतं. माझ्या गाडीच्या कन्व्हर्टरला वेगळा ड्रेन नट आहे, बहुतेकांना नसतो. तिथे थोड्या थोड्या दिवसांनी दोन-तीनदा सोडून भरावं, हे माझं ठाम मत. दुर्लक्षित जुन्या गिअरबॉक्सला मशीनने दाब देऊन धुऊ देऊ नका. गिअरबॉक्सचा चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उघडलाच आहे तर फिल्टर बदला आणि त्यातल्या चुंबकावरचा थर बोटाने पाहा. राखाडी, मऊ पेस्ट चालते. टोचणारे तुकडे चालत नाहीत. पातळी मात्र बहुधा गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून मग पी मध्ये पाहायची.