शिंपला आणि संगमरवर

अबू धाबीतली शेख झायेद मशीद 2007 मध्ये खुली झाली. तिच्या मुख्य दालनात 96 खांब आहेत, पांढऱ्या संगमरवराने मढवलेले, आणि त्या पांढऱ्यावर शिंपल्याच्या आतल्या चमकदार थराचं जडावकाम. अशा खांबाजवळ उभं राहून डोकं जरासं इकडेतिकडे हलवलं की शिंपल्याचा तुकडा गुलाबी होतो, मग हिरवट, मग पुन्हा रुपेरी. दगड मात्र दुधाळ तो दुधाळच.

या दालनातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. कारण दगड काय आणि शिंपला काय, दोन्ही मुख्यतः एकाच रसायनाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. फरक आहे तो मांडणीचा. चुनखडीचा खडक जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने बदलतो, तेव्हा कॅल्साइटचे स्फटिक वाटेल त्या दिशेने वाढत एकमेकांत घट्ट अडकतात. झाला संगमरवर. त्याच्यात प्रकाश थोडा आत शिरतो, कणाकणावर विखुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो.

शिंपल्यातला जीव तेच द्रव्य चपट्या फरश्यांसारखं रचत जातो. थरावर थर, मध्ये सेंद्रिय पदार्थाचा अगदी पातळ लेप. एकेक थर सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढाच. वेगवेगळ्या थरांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग बळावतात, काही पुसले जातात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच तऱ्हेने दिसतात. रंगद्रव्य लागतच नाही.

पायाखालचा गालिचाही बारीक रचनेचाच खेळ. अली खलिकी यांनी आखलेला हा गालिचा इराणमधल्या बाराशेच्या आसपास कारागिरांनी हातांनी विणला. क्षेत्रफळ 5,627 चौरस मीटर, गाठी सुमारे 2 अब्ज 26 कोटी 80 लाख. भागाकार केला तर चौरस सेंटीमीटरला 40 गाठी येतात. नखाएवढ्या जागेत चाळीस! एका गाठीच्या वाट्याला जेमतेम दीड मिलिमीटर.

गालिच्याच्या लोकरीला आणखी एक काम आहे. संगमरवर आवाज जवळजवळ तसाच परत फेकतो, त्यात वर घुमट. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन आदळावा, अशी ही जागा. लोकरीच्या तंतूंमधून हवा कंप पावत जाते तेव्हा घर्षणाने ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. उंच स्वर असे जिरतात. खर्ज फारसा जिरत नाही, कारण त्याच्या लहरी मीटरभर लांब आणि गालिच्याची लव बोटभरसुद्धा नाही.

ही लव कातरतानाही विचार केलेला आहे. काही ओळींवर ती किंचित उंच ठेवली आहे. पाहुण्याचं लक्ष वेलबुट्टीवर राहतं. नमाजाला उभा राहणारा त्या रेघेवरून आपली रांग धरतो.