आयात शुल्काचे तंटे आणि विदर्भातील शेतमाल

परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार सीमेवर जो कर घेते, ते आयात शुल्क. एका देशाने हा कर चढवला, दुसऱ्याने उट्टे काढायला आपला चढवला किंवा मालाची वाटच अडवली, की व्यापारतंटा सुरू होतो. विदर्भातल्या खेड्यात असा तंटा कर म्हणून कोणाच्या नजरेस पडत नाही. तो कळतो बाजार समितीच्या हर्रासात, नाहीतर खेडा खरेदीला दारात आलेल्या व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावात. कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा या चार पिकांवर पश्चिम विदर्भाचा आणि नागपूर-वर्धा पट्ट्याचा संसार चालतो, आणि चारही पिकांच्या भावाची एक दोरी कोणत्या ना कोणत्या परक्या राजधानीत बांधलेली आहे. पूर्वेकडच्या धानपट्ट्यालाही याची झळ लागते. २०२२ मध्ये उकडा वगळून बिगरबासमती तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क आणि जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. पण तिथे सरकारी धान खरेदीचा आधार मोठा असल्याने या नोंदीत भर पहिल्या चार पिकांवर आहे.

शुल्क भावात कसे उतरते

देशातल्या रुईचा भाव बंदरावर येऊन पडणाऱ्या परदेशी गाठीच्या किमतीच्या फार वर टिकत नाही, कारण तसे झाले की गिरणीवाला परदेशी गाठ उचलतो. आयात शुल्क या मर्यादेला वर ढकलते. शुल्क काढले की ती खाली बसते. उदाहरणादाखल, परदेशी रुई ५५,००० रुपये खंडी (३५६ किलो) पडते असे धरले, तर ११ टक्के शुल्क म्हणजे खंडीमागे ६,०५० रुपये. एक क्विंटल कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. ३४ किलोचा हिशेब धरला तर हे शुल्क शेतकऱ्याच्या क्विंटलमागे सुमारे ५७८ रुपये भरते. शुल्क हटले की भाव नेमका तेवढाच पडेल असे नाही; मागणी, रुपया-डॉलर विनिमय आणि हमीभाव खरेदीचा जोर यांचाही त्यात हात असतो. सरकीचे मोल मात्र विसरता येत नाही. ते सरकी तेल आणि ढेपेवर चालते, म्हणून खाद्यतेलाच्या आयात शुल्काचा निर्णयही कापसाच्या भावात शिरतो.

निर्यातबंदी आणि निर्यात शुल्क ही याच हत्याराची दुसरी धार. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाची निर्यात अचानक थांबवली तेव्हा सर्वांत मोठा ग्राहक चीन नाराज झाला. देशातही कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विश्वासात न घेतल्याची तक्रार केली, आणि आठवडाभरात सरकारला माघार घ्यावी लागली. अशी माघार क्वचितच इतकी झटपट येते.

वसाहतकाळ

अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना मिळणारी अमेरिकन रुई तोडली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो उतरला, पण जाळे उभे राहिले होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा खुला केला. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावाने विकला जाणारा आखूड धाग्याचा माल याच भागातला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर ३.५ टक्के आयात शुल्क ठेवले आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांची तक्रार नको म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादन शुल्क बसवले. हा कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत वसूल होत राहिला. शुल्काचा तंटा दोन देशांतच होतो असे नाही, हे त्यातून दिसते. इथे तो राज्यकर्त्यांच्या एकाच दप्तरात मिटवला गेला आणि किंमत वसाहतीने मोजली.

कापसाच्या इतिहासातला खरा धडा १९३३ चा आहे, आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. जपानने १९३१ च्या अखेरीस सुवर्णमान (चलनाची सोन्याशी घातलेली सांगड) सोडल्यावर येन घसरला आणि जपानी कापड हिंदुस्थानात कवडीमोलाने येऊ लागले. मुंबईच्या गिरणीमालकांनी आणि लँकेशायरने ओरड केली. जून १९३३ मध्ये बिगरब्रिटिश सुती कापडावरचे शुल्क ७५ टक्क्यांवर नेण्यात आले. जपानी सूतगिरण्यांनी कापडावर वाद घातला नाही. त्यांनी हिंदी कापूस घेणेच बंद केले. जपान त्या वेळी आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक होता आणि वऱ्हाडच्या मालाला लँकेशायरमध्ये तितका उठाव नव्हता. म्हणजे संरक्षण मिळाले कापडाला आणि बहिष्कार सोसला कापसाने. महिनोन्‌महिने चाललेल्या बोलण्यांनंतर १९३४ मध्ये करार झाला. त्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या: जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस उचलला, तर त्याला ४० कोटी वार कापड आणता येईल. उत्तर द्यायचे असेल तर समोरच्याच्या शेतकऱ्यावर द्यावे, कारण त्याचा माल नाशवंत असतो किंवा त्याला थांबायला पैसे नसतात, ही चाल तेव्हापासून आजवर फारशी बदललेली नाही.

मित्रदेशांतही असे तंटे होतात. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. बदल्यात अमेरिकी मालावर शुल्क लावण्याची परवानगी ब्राझीलला मिळाली, तेव्हा अमेरिकेने अनुदान लगेच बंद न करता ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटला. त्या अनुदानांनी जगाचा भाव दाबला होता, आणि तो दाब यवतमाळच्या शेतकऱ्यानेही सोसला होता. भरपाई मात्र ज्याने खटला लढवला त्याला मिळाली.

कापूस: २०२१ ते २०२५

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर आयात शुल्क आले. अधिभार धरून ते ११ टक्के होते. एप्रिल २०२२ मध्ये भाव चढल्यावर ते काही महिन्यांसाठी काढले आणि नंतर परत लावले. दरम्यान ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार करारात (लागू २९ डिसेंबर २०२२) ५१,००० टन कापसाला शुल्कमुक्त वाट देण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसावरचे शुल्क सर्वांसाठीच काढण्यात आले. या सवलतींचा विदर्भाला थेट फटका कमी बसला, कारण इथला बहुतेक माल त्याहून आखूड धाग्याचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये परिस्थिती बदलली. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाकडून तेल घेतल्याचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावले. अमेरिका हा भारतीय तयार कपड्यांचा सर्वांत मोठा ग्राहक. तिरुपूरसारख्या केंद्रांच्या मागण्या गळू लागल्या आणि कापड उद्योगाने स्वस्त कच्चा माल मागितला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून शेतकऱ्यांच्या हितापुढे आपण भिंत होऊन उभे असल्याचे सांगितले. त्यानंतर तीन दिवसांनी कापसाचे आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केल्याची अधिसूचना निघाली. २८ ऑगस्टला ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्या साठ्यातल्या गाठींचे विक्रीदर खाली आणले.

विदर्भात पेरणी जूनमध्ये होते. बियाणे आणि खताचा खर्च करताना शेतकऱ्यापुढे ११ टक्के शुल्क असलेला बाजार होता. वेचणीला लागला तेव्हा ते शुल्क उरले नव्हते. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला होता, म्हणून कागदावर तळ पक्का होता. पण सीसीआय ८ टक्के ओलाव्याचा कापूस पूर्ण भावाने घेते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्यापुढे घेतच नाही. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी या अटीत बसणे अवघड. चुकाऱ्याची घाई असलेल्याला खासगी जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) किंवा दारचा व्यापारी गाठावा लागतो, आणि तिथे भाव परदेशी गाठीच्या हिशेबाने निघतो.

वैरी देशाच्या बाजूने कापसाचीच गोष्ट वेगळी दिसते. पुलवामा हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच बंद केला. पाकिस्तान हा भारतीय कापसाचा जवळचा ग्राहक होता आणि त्याच्या गिरण्यांना रुईची ओढ होती. ३१ मार्च २०२१ रोजी तिथल्या आर्थिक समितीने भारतातून कापूस व साखर आणायला मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ती फिरवली.

संत्रा आणि बांगलादेश

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या संत्र्याचे परदेशातले मुख्य गिऱ्हाईक बांगलादेश. आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या हंगामाचा) माल ट्रकने बेनापोलच्या सीमेवरून जात असे. २०१९ च्या सुमारास किलोमागे २० रुपये असलेले बांगलादेशी आयात शुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. बागेतल्या भावापेक्षा कर जास्त झाला आणि निर्यात बसली. सोसायचे कोणी हा प्रश्न आल्यावर राज्य सरकारने किलोमागे ४४ रुपये, म्हणजे शुल्काच्या निम्मे, अनुदान जाहीर केले. हा तसा विचित्रच उपाय आहे: शेजारी देशाच्या तिजोरीत जाणारा कर महाराष्ट्राच्या तिजोरीतून भरायचा.

शुल्क का वाढले, याला बांगलादेशाचे कारण डॉलर वाचवण्याचे आहे. मे २०२२ मध्ये त्याने फळांसह अनेक वस्तूंवर जादा नियामक शुल्क लावले होते. संत्रापट्ट्यात मात्र हे कांद्याचे उत्तर समजले जाते. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये कांदा निर्यात एकाएकी थांबवली, तेव्हा दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी, आधी कळवले असते तर बरे झाले असते, आता आपण स्वयंपाक्याला कांदा न घालायला सांगितले आहे, असे हसत सांगितले होते. २०२३ मध्ये आधी ४० टक्के निर्यात शुल्क आणि मग पुन्हा बंदी आली. कांदा नाशिकचा, फटका मोर्शीला, हे गणित सिद्ध झालेले नसले तरी ते मांडणाऱ्यांचा राग समजण्याजोगा आहे. बांगलादेशातल्या ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर संबंध आणखी आंबले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाची पारगमन सवलत (भारतातून तिसऱ्या देशात माल नेण्याची मुभा) काढली, बांगलादेशाने भूमार्गाने येणारे भारतीय सूत थांबवले आणि मे महिन्यात भारताने तिथल्या कपड्यांना भूमार्ग बंद केला. बांगलादेश भारतीय सुताचाही मोठा ग्राहक असल्याने संत्र्याबरोबर कापूसही या भांडणात ओढला गेला.

डाळी आणि तेलबिया

तुरीचे दर २०१५ मध्ये भडकले आणि डाळ २०० रुपये किलोवर गेली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी दरवर्षी वाढत्या प्रमाणात तूर घेण्याचा करार केला. त्याच हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले, ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली बाजार गेला आणि अकोला, यवतमाळला नाफेड या सरकारसाठी शेतमाल खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेच्या केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा घातल्यावर पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचा बाजार गेला. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली.

पिवळ्या वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये ५० टक्के शुल्क लावले तेव्हा मुख्य पुरवठादार कॅनडा दुखावला. सप्टेंबर २०२३ मध्ये खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर याच्या कॅनडातल्या हत्येवरून भारत-कॅनडा संबंध विकोपाला गेले, तरी डिसेंबरमध्ये भारताने हाच वाटाणा शुल्कमुक्त केला आणि फायदा बराचसा कॅनडाला झाला. याउलट मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर टीका केल्यावर जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाची आयात रोखली. देशात पर्याय असेल तिथे राग व्यापारात उतरतो आणि महागाईची भीती असेल तिथे तो बाजूला ठेवला जातो, असे या दोन घटनांवरून म्हणता येते. स्वस्त वाटाणा बेसनात आणि डाळीत मिसळला की हरभरा आणि तूर दोन्हींचा भाव बसतो.

सोयाबीनची कोंडी दुहेरी आहे. त्याचा भाव तेल आणि पेंडीवर चालतो. तेलाला आयात शुल्काचा आधार लागतो, पेंडीला परदेशी गिऱ्हाईक. २०१८ च्या अमेरिका-चीन तंट्यात चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा फायदा ब्राझीलने उचलला. भारताकडे तेवढा स्वस्त माल नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लावले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले.

दाद कुठे मागायची

देशांच्या तंट्यांसाठी जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ होते. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्याने ते डिसेंबर २०१९ पासून ठप्प झाले. बरेचसे वाद आता दोन सरकारे आपसात मिटवतात. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरच्या अमेरिकी शुल्काला उत्तर म्हणून भारताने जून २०१९ मध्ये बदाम, सफरचंद, मसूर, हरभरा यांवर लावलेले जादा शुल्क २०२३ मध्ये अशाच तडजोडीत उठले. शेतकऱ्याला अशा चर्चेत जागा नसते. भाव पडण्याआधी तो बांधून ठेवण्याचे एक साधन वायदेबाजारात होते, पण सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बाजार नियामक सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी बंद केले आणि त्या बंदीला पुढे मुदतवाढ मिळत गेली.