डरहॅममध्ये उन्हाळ्यात एवढे कार्यक्रम का होतात, त्यामागची गोष्ट

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला जूनमध्ये कोणी नवीन राहायला आलं की पहिल्या काही दिवसांतच चक्रावून जातं. सहा आठवडे चालणारा मॉडर्न डान्सचा फेस्टिव्हल, जुनटीन्थचे म्हणजे गुलामगिरी संपल्याच्या 19 जूनच्या दिवसाचे कार्यक्रम, मग 4 जुलैच्या आसपास नदीकाठचं गाणंबजावणं, संध्याकाळी पार्कात फुकट कॉन्सर्ट, ऑगस्टमध्ये फिल्म फेस्टिव्हल, हे सगळं अशा गावात ज्याची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत फक्त 2 लाख 83 हजारांच्या आसपास होती. अमेरिकेच्या दक्षिणेत अशी मध्यम आकाराची शहरं पुष्कळ आहेत आणि बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्याचे महोत्सव टुरिस्ट यावेत म्हणून ठरवून उभे केलेत. डरहॅमचं तसं नाही. इथला जवळपास प्रत्येक कार्यक्रम काहीतरी हातचं जात होतं म्हणून, नाहीतर गेल्यावर उरलेलं धरून ठेवायचं म्हणून सुरू झालाय, आणि हे माहीत असलं की तिथं बसून गाणं ऐकायला फार वेगळं वाटतं, म्हणून हा सगळा मागचा इतिहास लिहितोय.

सुरुवात तंबाखूपासून करावी लागते, इलाज नाही. 1865 च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत असताना, डरहॅमजवळ बेनेट प्लेस नावाच्या शेतघरात दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टननं उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे शरणागती पत्करली, त्या काळात इथं तळ ठोकून बसलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी जॉन ग्रीनच्या कारखान्यातली तंबाखू लुटून नेली आणि घरी गेल्यावर तीच तंबाखू पाहिजे म्हणून पत्रं पाठवायला लागले. बुल डरहॅम हा ब्रँड तिथून चालला. मग ड्यूक कुटुंब आलं, 1890 मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, 1911 मध्ये सुप्रीम कोर्टानं मक्तेदारी म्हणून ती फोडली, तरी गाव तंबाखूवरच जगत राहिलं.

आता याचा संगीताशी काय संबंध? तर शेतातली पानं उन्हाळ्यात तोडायची, वाळवायची आणि उन्हाळा सरता सरता गाड्या भरून डरहॅमच्या गोदामांत आणायची, तिथं लिलाव चालायचे, आपल्या सांगलीत हळदीचे सौदे निघतात तसे. वर्षातून एकदाच शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा यायचा, कारखान्यातल्या कामगारांचा पगार असायचा, आणि अशा गर्दीच्या जागी गोदामांच्या दारात ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी, गाणारे उभे राहायचे. ब्लाइंड बॉय फुलर हा त्यातला सगळ्यात गाजलेला, खरं नाव फुल्टन ॲलन, दृष्टी गेलेली, हातात स्टीलची गिटार. 1933 मध्ये डरहॅमच्या वेल्फेअर खात्यानं पोलिसप्रमुखाला लेखी शिफारस केली होती की या माणसाला रस्त्यावर गाणंबजावणं करायची परवानगी द्यावी, तुम्ही सांगाल त्या जागी. ते पत्र आजही ब्लूजच्या अभ्यासकांच्या लिखाणात सापडतं. विचार करा, रस्त्यावर गाण्यासाठी सरकारी कागद लागत होता. त्याच फुलरला 1935 च्या जुलैमध्ये गावातल्या एका स्वस्त दुकानाचा मॅनेजर जे. बी. लाँग न्यूयॉर्कला रेकॉर्डिंगसाठी घेऊन गेला, सोबत रेव्हरंड गॅरी डेव्हिस पण होता. फुलर 1941 मध्ये फार कमी वयात गेला, पण बोटांनी तार छेडत वाजवायची ती पीडमाँट ब्लूजची शैली माऊथऑर्गनवाल्या सॉनी टेरीसारख्यांनी पुढे जगभर नेली.

हे सगळं ज्या वस्तीतून आलं तिचं नाव हेटी. रेल्वेलाइनच्या दक्षिणेला काळ्या लोकांनी वसवलेली, स्वतःची दुकानं, थिएटर, हॉटेलं, हॉस्पिटल, चर्च असलेली वस्ती. जवळच पॅरिश स्ट्रीटवर नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही 1898 ची विमा कंपनी, काळ्यांच्या मालकीची, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, म्हणून त्या रस्त्याला ब्लॅक वॉल स्ट्रीट म्हणायचे. आणि मग रीडेव्हलपमेंट आलं. 1960 च्या दशकात सुधारणेच्या नावाखाली घरं पाडली गेली, डरहॅम फ्रीवे वस्तीच्या मधून काढला, 4000 च्या वर कुटुंबं आणि 500 च्या आसपास धंदे उठले, आणि नवी घरं, नवी दुकानं देऊ म्हणून जे सांगितलं होतं त्यातलं बरंचसं कधी झालंच नाही. डरहॅमबद्दल काहीही वाचताना मला ही गोष्ट सगळ्यात जास्त सलते, कारण नुसत्या इमारती गेल्या असं नाही, संध्याकाळी बाहेर पडून चार लोकांत बसायची जागाच गेली.

वाचलं ते सेंट जोसेफ्स हे 1891 चं विटांचं चर्च. 1975 मध्ये ते वाचवण्यासाठी फाउंडेशन काढलं गेलं आणि तिथं हेटी हेरिटेज सेंटर झालं, रंगीत काचांच्या खिडक्या तशाच, आत नाच, नाटक, कविता, कॉन्सर्ट. याच सेंटरनं 1988 मध्ये जुन्या बेसबॉल मैदानावर बुल डरहॅम ब्लूज फेस्टिव्हल सुरू केला, उन्हाळा संपताना, म्हणजे बरोबर त्याच दिवसांत जेव्हा पूर्वी गोदामांत लिलाव असायचे. हे जुळून आलं की जुळवलं याच्याशी मला फार घेणं नाही, पण ज्या गाण्याला रस्त्यावर परवानगीचा कागद लागायचा त्याला गावानं मैदान दिलं ही मोठी गोष्ट आहे.

उन्हाळ्यात बाहेर बसायचं म्हटलं की कोण कुठं बसू शकत होतं हाही इतिहासच. 23 जून 1957 ला रेव्हरंड डग्लस मूर सहा तरुणांना घेऊन रॉयल आइस्क्रीम पार्लरमध्ये गेले आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या भागात बसले. अटक झाली, दंड झाला. याच राज्यातल्या ग्रीन्सबरोचं प्रसिद्ध सिट-इन, म्हणजे गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसून न उठायचं आंदोलन, याच्या नंतरचं, 1960 चं. आणि ग्रीन्सबरोनंतर पंधरवड्यातच मार्टिन ल्यूथर किंग डरहॅमला येऊन व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्चमध्ये बोलले की तुरुंग भरावे लागले तरी मागं हटू नका. आपल्याला जेलभरो नवीन नाही, गांधींच्या सत्याग्रहाचा धागा इथपर्यंत सरळ पोचतो आणि ही माणसं ते स्वतः सांगायची.

डाउनटाउनमधलं कॅरोलायना थिएटर 1926 चं. काळ्या प्रेक्षकांनी वेगळ्या दारानं, जिने चढून वरच्या बाल्कनीत बसायचं असा नियम. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इथं विद्यार्थ्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. रांगेत उभं राहायचं, खिडकीशी पोचल्यावर खालचं तिकीट मागायचं, नाही म्हटलं की मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन परत उभं राहायचं, परत खिडकीशी, परत नाही, परत मागं, असं रात्र रात्र, म्हणजे ज्याला खरंच सिनेमा बघायचाय तोही अडकून पडणार आणि गल्ला बसणार. 1963 मध्ये थिएटर सगळ्यांना खुलं झालं. 1970 च्या दशकात ते पाडायला निघाले होते तेव्हा गावातल्याच लोकांनी स्वयंसेवक म्हणून ते चालवायला घेतलं, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून तिथं दर ऑगस्टमध्ये गे-लेस्बियन फिल्म फेस्टिव्हल होतो, त्याचं नाव आता बदललंय पण वारसा तोच. ज्या दारात लोकांना अडवलं त्याच दारात आता असा महोत्सव होतो, यात काहीतरी न्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आता नदी. ईनो ही तशी छोटीशी, दगडधोंड्यांवरून वाहणारी नदी, उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यातून पार करता येते. 1960 च्या दशकाच्या मध्यात तिच्यावर धरण बांधून जलाशय करायचा बेत होता. मार्गारेट नायगार्ड आणि आजूबाजूच्या लोकांनी 1966 मध्ये संघटना काढली, आणि त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. नुसते मोर्चे नाही काढले, तर लोकांना नदीकाठानं चालायला नेलं. जो माणूस एकदा तिथून चालून आला तो धरणाच्या बाजूनं मत द्यायला कचरायचा. धरण टळलं, 1970 च्या दशकात स्टेट पार्क झालं, आणि शहराच्या हद्दीत वेस्ट पॉइंट ऑन द ईनो हे पार्क झालं.

वेस्ट पॉइंटला 1778 ची पाणचक्की होती, ती 1942 पर्यंत दळत होती, आता तिच्या जागी तशीच पुन्हा बांधलेली आहे. शेजारी तंबाखू ठेवायचं जुनं लाकडी कोठार आहे, आणि त्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ह्यू मँगम नावाचा फिरता फोटोग्राफर या कुटुंबातला, 1922 मध्ये वारला. त्याच्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा कोठारात तशाच पडून होत्या, 1970 च्या दशकात कोठार पाडायची वेळ आली तेव्हा त्या हाती लागल्या. त्याचा कॅमेरा असा की एकाच काचेवर एकापाठोपाठ अनेक छोटे फोटो बसायचे, त्यामुळे स्टुडिओत जे जसे आले तसे त्या काचेवर शेजारी शेजारी उमटले, एक गोरी बाई, तिच्या बाजूला काळा तरुण, मग कुणाचं तरी पोर, परत एक काळं कुटुंब, काही जण हसतायत, कुणी टोपी तिरकी केलीय. बाहेर गाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, आणि काचेवर सगळे एका रांगेत. तेच कोठार आता छोटं म्युझियम आहे.

इथं 1976 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली म्हणून, लोककलांचा मोठा महोत्सव झाला. लोकांना जागा आवडली. मग 1980 मध्ये नदीवाल्या संघटनेनं स्वतःचा फेस्टिव्हल फॉर द ईनो सुरू केला, 4 जुलैच्या मुहूर्तावर, आणि तिकिटाचा पैसा नदीकाठची जमीन विकत घेऊन राखायला वापरायचा असं ठरवलं. म्हणजे लोक ब्लूग्रास हे बँजो-फिडलचं लोकसंगीत, गॉस्पेल ही चर्चची भक्तिगीतं आणि ब्लूज ऐकतात, कारागिरांकडून मडकी, टोपल्या घेतात, पोरं दिवसभर पाण्यात डुंबतात आणि त्यातून नदीची जमीन वाचते. कचऱ्याच्या बाबतीतही ही मंडळी फार आधीपासून कडक, प्रत्येक डब्यापाशी स्वयंसेवक उभा, तुमच्या हातातली प्लेट कुठल्या डब्यात जाणार ते तो सांगणार. उकाडा मरणाचा असतो, हवेत दमट वाफ, कपडे अंगाला चिकटतात, तरी लोक येतात.

आणि डान्स. अमेरिकन डान्स फेस्टिव्हल मुळात इथला नाहीच. 1934 मध्ये व्हरमाँटच्या बेनिंग्टन कॉलेजात मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन, हान्या होल्म यांनी उन्हाळी वर्ग घेतले तिथून ही परंपरा निघाली, पुढे 1948 पासून कनेक्टिकट कॉलेजात मुक्काम. 1970 च्या दशकात तिथं पटेनासं झालं आणि डायरेक्टर चार्ल्स राइनहार्ट नवी जागा शोधायला लागले. ड्यूक युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट तेव्हा टेरी सॅनफर्ड, राज्याचे माजी गव्हर्नर, कलांसाठी सरकारी पैसा लावणारा माणूस. ड्यूकचा कॅम्पस उन्हाळ्यात रिकामा, हॉस्टेलं रिकामी, हॉल रिकामे, आणि गावातल्या लोकांनीही पैसा उभा करायची तयारी दाखवली. 1978 मध्ये फेस्टिव्हल डरहॅमला आला. न्यूयॉर्कच्या मंडळींना तेव्हा हे तंबाखूचं गाव म्हणजे आडवळण वाटलं असणार, पण तो टिकला.

वर्ग चालायचे त्यातली एक जागा म्हणजे ड्यूकच्या ईस्ट कॅम्पसवरची द आर्क, 1898 ची लाकडी फरशीची इमारत, मुळात व्यायामशाळा. 1906 मध्ये ड्यूकचा, तेव्हाच्या ट्रिनिटी कॉलेजचा, पहिला बास्केटबॉल सामना इथंच झाला, आणि त्याच फरशीवर नंतर जगभरातून आलेली पोरंपोरी अनवाणी घाम गाळत होती. 1980 च्या दशकात जपानचा बुतो हा नृत्यप्रकार या फेस्टिव्हलनं अमेरिकन प्रेक्षकांपुढे आणला, काळ्या नृत्यदिग्दर्शकांच्या जुन्या रचना विस्मरणात चालल्या होत्या त्या पुन्हा बसवून घ्यायचा प्रकल्प केला. हे दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण नाच कागदावर नीट राहत नाही, ज्यांच्या अंगात तो आहे ती माणसं असेपर्यंतच पुढच्याला देता येतो.

तंबाखूच्या शेवटाकडे मोठं पाऊल 1987 ला पडलं, अमेरिकन टोबॅकोनं डरहॅमचा कारखाना बंद केला. लाल विटांच्या प्रचंड इमारती, वर पाण्याची टाकी आणि धुराडं, वर्षानुवर्षं ओसाड. 2004 पासून तिथं ऑफिसं, हॉटेलं, मधल्या हिरवळीवर उन्हाळी कॉन्सर्ट सुरू झाले, 2008 मध्ये शेजारी सुमारे 2700 खुर्च्यांचं डीपॅक म्हणजे डरहॅम परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर हे थिएटर उघडलं आणि डान्स फेस्टिव्हलचे मोठे प्रयोग तिकडे गेले. आपली मराठी मंडळी बहुतेक याच काळात इथली झाली, रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांमुळे कॅरी, मॉरिसव्हिल, डरहॅममध्ये घरं घेतलेली. त्यातल्या बऱ्याच जणांना डरहॅम म्हणजे डीपॅक आणि पार्किंग एवढंच ठाऊक असतं. डीपॅकहून फ्रीवेच्या पलीकडे गेलं की थोड्याच अंतरावर हेटी सेंटर आहे. तिथल्या वस्तीत आता भाडी वाढतायत, जुने लोक पुन्हा उठतायत आणि सेंटर त्याबद्दल उघडपणे बोलतं. यंदा उन्हाळ्यात एखादं तिकीट डीपॅकचं काढलंत तर एक तिथलंही काढा, आणि 4 जुलैला ईनोवर जाणार असाल तर पोरांसाठी जादा कपडे न्या आणि ते कोठार उघडं असेल तर आत जाऊन मँगमच्या काचा बघून या.