काजू बाहेर पाठवायचेत? आयईसी आणि शिपिंग बिल नेमकं कुठे अडकतं ते वाचा

काजूचा सीझन संपत आला की फोन सुरू होतात, "आयईसी काढायचाय, एजंट केवढे पैसे सांगतो बघा." अहो, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, त्याची सरकारी फी 500 रुपये आहे. डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार बघणारं केंद्राचं खातं) साइटवर घरबसल्या होतं, एकट्याचा धंदा असो, भागीदारी, कंपनी की ट्रस्ट, पॅन असला की झालं, आणि आयईसी नंबर म्हणजे तुमचाच पॅन नंबर. पॅन, कॅन्सल्ड चेक, पत्त्याचा पुरावा, आधारच्या ओटीपीने सही.

अडतं ते पत्त्यावर. आपल्याकडे गोव्यात घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, वीजबिल अजून त्यांच्याच नावाने येतं, आणि वाटण्या करायच्या तर सगळे एकत्र भेटतात ते फक्त चवथीला, तेव्हा हा विषय कोण काढणार! बिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं एनओसी आणि बिल एकाच पीडीएफमध्ये जोडायचं असा नियम. आता गेलेल्या माणसाचं एनओसी आणायचं कुठून? पण प्रोप्रायटर असाल तर तुमचं स्वतःचं आधार, पासपोर्ट किंवा व्होटर कार्डसुद्धा चालतं. ही सवलत यादीत अगदी तळाला आहे, तिथपर्यंत कोणी वाचतच नाही. फक्त आधारवरचा पत्ता आणि फॉर्ममधला पत्ता एकच ठेवा.

दुसरी गोष्ट जूनची. आयईसी एकदा काढला की जन्मभर, हे अर्धंच खरं. 2021 पासून दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, काहीही बदललं नसलं तरी. लोक म्हणतात, "बदल नाही मग कशाला?" आणि मग माल पॅक झाल्यावर कळतं की आयईसी बंद पडलाय. त्या तीन महिन्यांत फीसुद्धा लागत नाही हो. जीएसटीच्या एलयूटीचंही (टॅक्स न भरता माल पाठवण्यासाठी द्यायचं हमीपत्र) तसंच, तो 31 मार्चला संपतो, नवा भरावा लागतो.

बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा नंबर), त्याचं आयसगेटवर, म्हणजे कस्टमच्या साइटवर, रजिस्ट्रेशन, हे सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करून देणारा एजंट, करून देतो. माल मुरगावहून जाणार की न्हावा शेवाहून ते मात्र त्याला आधी सांगा.

आता शिपिंग बिल, म्हणजे माल देशाबाहेर पाठवताना कस्टममध्ये भरायचा अर्ज. लोकांना वाटतं हा नुसता कस्टमचा कागद. पण देशाने महिन्यात किती निर्यात केली हा आकडा ह्याच बिलांच्या बेरजेतून निघतो. कस्टमच्या कॉम्प्युटरमधून माहिती कोलकात्याच्या डीजीसीआयएसकडे (व्यापाराची आकडेवारी ठेवणारं सरकारी खातं) जाते, तिथे ती मालाच्या कोडप्रमाणे, देशाप्रमाणे लावतात आणि पुढच्या महिन्याच्या मध्याच्या सुमाराला वाणिज्य मंत्रालय पहिला अंदाज जाहीर करतं, मागाहून तो सुधारतात. बिल नाही तर मोजणी नाही. टुरिस्टाने कळंगुटला घेऊन बॅगेत घातलेले काजू कितीही असोत, ह्या आकड्यात ते नाहीत. तेव्हा तुम्ही भरलेली चूक जशीच्या तशी देशाच्या हिशेबात जाते.

आणि चुका ठरलेल्या आहेत. 15 फेब्रुवारी 2020 पासून बिलात माल कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात तयार झाला ते भरावं लागतं. कंटेनर न्हावा शेवाला भरला म्हणून कोणी महाराष्ट्र टाकतं, काजू फोडले गोव्यात आणि नाव भलत्याचं! मग आपणच ओरडतो की गोव्याची निर्यात दिसत नाही. फोंड्याचे लोक अजून उत्तर गोवा लिहितात, तालुका 2015 मध्येच दक्षिण गोव्यात गेला.

किंमत एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची. गिऱ्हाइकाला सीआयएफ भाव (भाडं आणि इन्शुरन्स धरून) दिला असेल तर भाडं आणि इन्शुरन्स वेगळं दाखवा. आयात मोजतात सीआयएफने, म्हणून घेणाऱ्या देशाच्या पुस्तकात तोच माल महाग दिसतो, त्यात कोणाची लबाडी नसते. देश म्हणजे माल शेवटी जिथे जाणार तो. गिऱ्हाईक दुबईचं पण माल कुवेतला, तर कुवेतच लिहायचं. मालाचा आठ आकडी कोडही बघा, अख्खे काजूगर आणि तुकडा ह्यांचे कोड वेगळे आहेत. सगळ्याला एकच कोड लावून मोकळे होऊ नका.

आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी, जो नंतर परत मिळतो) भरून माल पाठवला असेल तर इनव्हॉइस नंबर शिपिंग बिलात आणि जीएसटीआर-1 ह्या विक्रीच्या रिटर्नमध्ये अक्षरशः सारखा हवा. एक डॅश कमीजास्त झाला तरी रिफंड लटकतो आणि कारण म्हणून एसबी005 एवढा एरर कोडच दिसतो, आता त्यावरून साध्या माणसाने काय समजायचं?

माल गेल्यावर दुरुस्ती होते, कस्टम कायद्याच्या कलम 149 खाली, पण माल जाताना जे कागद होते तेवढ्यांच्याच आधारावर, नंतर बनवलेली पत्रं चालत नाहीत. तेव्हा बिल भरण्याआधी सीएचए जी चेकलिस्ट पाठवतो, तिच्यावर व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवू नका. जिल्हा, देश, कोड, वजन आणि इनव्हॉइस नंबर, ही पाच घरं तरी बोट ठेवून वाचा.