बॅटरीवरील साखळी करवत : वापर आणि निगा

साखळी करवत म्हणजे लांबट पोलादी बारभोवती दातेरी साखळी फिरवून लाकूड कापणारे हातयंत्र. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरची करवत बनवली, तर एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये पेट्रोलवरची. ही सुरुवातीची धूडे पेलायला दोन माणसे लागत. आजच्या साखळीचे दाते अमेरिकन लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स यांच्या कल्पनेतून आले. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी डावीउजवीकडे कशी कुरतडते हे पाहून त्यांनी १९४० च्या दशकात आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळलेले दाते घडवले. २००५ च्या सुमारास लिथियम-आयन बॅटऱ्या जड कामाच्या हत्यारांत येऊ लागल्या, आणि पुढे करवतही वायरीतून सुटली.

बॅटरीवरच्या करवतीला दोरी ओढावी लागत नाही, धूर येत नाही, आवाजही कमी. त्यामुळे ती खेळण्यासारखी वाटते, आणि अपघात नेमका इथून सुरू होतो. इंजिन धडधडत असते तोवर हत्यार चालू आहे याचा विसर पडत नाही. बॅटरीची करवत बटण सोडताच गप्प होते, पण बॅटरी आत आहे तोवर ती बंद झालेली नसते. साखळी ताणणे, कानस मारणे, अडकलेली काटकी काढणे, करवत दुसरीकडे नेणे, यांपैकी काहीही करण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. सुरक्षा बटणावर विसंबून ही पायरी गाळू नये.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे उसळी, म्हणजेच किकबॅक. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला, फांदीला किंवा मागे दडलेल्या ओंडक्याला लागला, की वळणावरचा दाता प्रमाणाबाहेर खोल रुततो आणि साखळी अडते. तिचा सगळा जोर मग बारला वर आणि मागे, थेट वापरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे व मानेकडे फेकतो. हे निमिषार्धात घडते. माणूस सावरेपर्यंत सगळे संपलेले असते. पुढच्या मुठीसमोरची ढाल मनगटाने ढकलली गेली किंवा झटक्याने स्वतःच पुढे पडली, की चेन ब्रेक, म्हणजे साखळी थांबवणारा ब्रेक, लागतो. तो काम सुरू करण्याआधी दर वेळी तपासावा. दुसरा प्रकार सरळ धक्क्याचा : वरच्या कडेने कापताना चीर मिटून साखळी चिमटली, तर करवत मागे रेटली जाते.

पकडीचे नियम यातूनच आले आहेत. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून गुंडाळलेला. उजवा मागच्या मुठीवर. डावखुऱ्यांनाही हेच लागू. शरीर कापाच्या रेषेत नको, किंचित डावीकडे. खांद्याच्या वर करवत नेऊ नये, शिडीवर चढून तर नाहीच. एका हाताने चालवायच्या छोट्या करवती आता सर्रास मिळतात, पण फांदी धरलेला दुसरा हात कापाच्या वाटेतच असतो. ताणात वाकलेली फांदी एका दमात तोडली तर ती फटकारते. आधी दाबाखालच्या बाजूला उथळ काप घ्यावा, मग ताणाच्या बाजूने सावकाश कापावे.

डोळ्यांना चष्मा किंवा जाळी, कानांना संरक्षण, पक्के बूट आणि करवतीसाठीची खास पँट लागते. त्या कापडातले लांब धागे साखळीबरोबर ओढले जाऊन साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि साखळी थांबवतात. पँटचे वर्ग साखळीच्या वेगावर ठरतात : शून्य वर्ग सेकंदाला १६ मीटर, पहिला २०, दुसरा २४, तिसरा २८. मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पुरा जोर देते. त्यामुळे धागे तिला इंजिनाइतक्या खात्रीने अडवतीलच असे नाही.

निगेत पहिला मान धारेचा. धारदार साखळी जाड चिपा फेकते आणि आपणहून लाकडात शिरते. पिठासारखा भुसा पडू लागला, हाताने दाब द्यावा लागला, की धार गेली असे समजावे. बोथट साखळीवर बॅटरीही भराभर उतरते. साखळीच्या मापाची गोल कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, दात्यावर कोरलेल्या खुणेच्या कोनात मारावी. प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यावेत. एका बाजूचे दाते आखूड झाले की काप वाकडा जातो. दात्यापुढचा छोटा उंचवटा, ज्याला रेकर म्हणतात, दात्याच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो. लवकर कापेल या आशेने तो जास्त घासणे हा शहाणपणा नव्हे : दाता खोल रुततो आणि उसळी वाढते.

साखळी थंड असताना ताणावी. ती बारला चिकटून राहावी, पण हातमोजा घालून हाताने ओढल्यास सहज सरकावी. गरम साखळी ताणली असेल तर काम संपताच सैल करावी, कारण थंड होताना ती आखडते. इंजिन नसले तरी साखळीला तेल लागतेच. टोक फिकट पुठ्ठ्यावर, त्याला न टेकवता धरून करवत चालवावी. टाकीत तेल असूनही रेघ उमटली नाही तर तेलाचे छिद्र किंवा बारची खाच भुशाने तुंबली असावी. बार अधूनमधून उलटा बसवला की दोन्ही कडा सारख्या झिजतात.

बॅटरीवर १८ व्होल्ट किंवा २० व्होल्ट लिहिलेले पाहून गोंधळू नये, ३.६ व्होल्टचे पाच सेल दोन्हींत असतात, २० हा फक्त पूर्ण भरल्यावरचा आकडा. शून्य अंश सेल्सिअसखाली किंवा कामावरून काढलेली तापलेली बॅटरी चार्ज करू नये. महिनोन्‌महिने ठेवायची तर अर्धी भरून, कोरड्या थंड जागी, खिळे-नाण्यांपासून दूर. फुगलेली, जोरात आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा लावू नये, आणि ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी.